धोंड्याचे टायर

“मामा, ह्या टायरवर वळणाच्या किती जवळ जाऊन ब्रेक मारता येईल?”

अभिराजनं विचारलं आणि अण्णांचा चेहरा खुलला. कऱ्हाडात त्यांना असं कोणी विचारायचं नाही. गिऱ्हाईक यायचं तेच मुळी टायर झिजून गोटा झाल्यावर, आणि विचारायचं एवढंच, की अजून एक पावसाळा निघंल का ह्याच्यावर. इथं खुद्द जावई विचारत होता. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेला, लाल स्पोर्ट्स गाडीवाला जावई. अण्णांनी टायर उभा केला, शर्टाच्या बाहीनं त्याच्यावरची धूळ पुसली आणि नक्षीवरून बोट फिरवलं.

“हे बघा जावईबापू. रबर मऊ आहे. डांबराला धरून बसतंय. दुसरे जिथं ब्रेक मारतील ना, त्याच्या पुढं अजून दोन गाड्यांएवढं जायचं आणि मग मारायचा. तरी गाडी तिथल्या तिथं.”

“दोन गाड्या,” अभिराज म्हणाला आणि काचेतून माझ्याकडं बघून हसला.

मी केबिनमध्ये बसले होते. केबिन म्हणजे दुकानातच एका कोपऱ्यात काचा लावून केलेली खोली. एसी, एक टेबल, देवाचा फोटो. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, म्हणून “तू कशाला तापतेस, आत बस” असं सगळ्यांदेखत प्रेमानं म्हणून अभिराजनं मला तिथं बसवलं होतं. माझी पर्स गाडीत होती. मोबाइल त्याच्या खिशात. पाटणच्या अलीकडंच त्यानं तो चार्जिंगला लावतो म्हणून घेतला होता, आणि परत मागायची माझी हिंमत नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि स्वतःचा फोन मागायला मला हिंमत लागत होती.

गाडी लिफ्टवर होती. चारही चाकं काढलेली. लाल चकचकीत गाडी, पण चाकांशिवाय ती खाटकाकडं टांगल्यासारखी दिसत होती. मी तिच्याकडं बघत बसले होते. मला त्या गाडीत परत बसायचं नव्हतं. बाकी काही मागणं नव्हतं माझं. जोवर चाकं उतरवलेली होती, तोवर मला कोणी तिच्यात बसवू शकत नव्हतं, आणि तोवरच अण्णांनी बोलायला हवं होतं.

कारण अण्णा बोलणार होते. मी त्यांना फोन केला होता. सासरची माणसं देवरुखला लग्नाला गेली होती तेव्हा, मागच्या पडवीत उभी राहून, नळ सोडून ठेवून, सगळं सांगितलं होतं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बघतो मी.” दोन दिवसांनी त्यांचा अभिराजला फोन आला. अधिक महिना लागलाय, धोंड्याला या दोघं. चांदीचं ताट-बिट नको, तुमच्या गाडीचे टायर बदलू, तेच वाण. अभिराज घरभर सांगत सुटला, माझ्या सासऱ्याला कळतंय जावयाला काय द्यायचं ते.

आणि मी मनात म्हणत होते, काय हुशार आहे माझा बाप! टायरच्या निमित्तानं बोलावतोय. गाडी वर उचलणार, चाकं काढणार, आणि मग समोर खुर्ची टाकून बसणार आणि विचारणार, बोला जावईबापू, माझ्या लेकीचं काय चाललंय.

गाडी वर उचलून झाली होती. चाकं काढून झाली होती. अण्णा अजून टायरवरच बोलत होते.

आई आत आली. हातात अनारशांचा डबा, काखेत दोन पाट. धोंड्याचं सगळं घरीच करायचं ठरलं होतं, पण अण्णा म्हणाले, टायरच द्यायचेत तर दुकानातच करू, चार लोक बघतील. आईला ते आवडलं नव्हतं. तिनं पाट टेबलाच्या कडेला टेकवले.

“काय गं, किती वाळलीस? आणि ही साडी कशाला? ती मोरपंखी नेस म्हटलं होतं ना मी.”

“आई, अण्णा काही बोललेत तुझ्याशी?”

“कशाबद्दल?”

मी तिच्याकडं बघत राहिले. तिला खरंच काही माहीत नव्हतं. ती डब्याचं झाकण लावायच्या नादात होती. तेहतीस अनारसे मोजून भरले होते आणि वर एक जास्तीचा ठेवला होता, वाटेत फुटला तर असावा म्हणून.

“काही नाही,” मी म्हटलं.

बाहेर तोवर तीन प्रकारचे टायर मांडून झाले होते. अण्णांनी दोन खास पुण्याहून मागवले होते. कऱ्हाडात ट्रॅक्टर, ट्रक आणि साध्या गाड्यांचे टायर जातात. असले सतरा इंची, बुटक्या कडेचे टायर ठेवून कोण बसणार? बाजूला एक ट्रॅक्टरवाले आबा आपलं पंक्चर काढायला थांबले होते, ते खुर्ची ओढून बघायलाच बसले.

“एवढाच पातळ?” आबा म्हणाले. “खड्ड्यात गेला म्हणजे?”

“खड्ड्यात न्यायची गाडी नाही ती आबा,” अभिराज म्हणाला.

“मग चिपळूणला जाताय कुठनं? विमानानं?”

सगळे हसले. अभिराजही हसला. बाहेर तो फार छान हसायचा. लग्नात आमच्याकडच्या सगळ्या बायका त्याच्या हसण्यावरच तर गेल्या होत्या.

त्याला तो मऊ रबरचा टायर हवा होता. अण्णा म्हणाले, तो नको. तो कोरड्या रस्त्यावर राजा आहे, पण तुमच्याकडं कोकणात पाणी पडायला लागलं की त्याच्या नक्षीत पाणी मावायचं नाही, गाडी तरंगायला लागंल. त्यांनी दुसरा पुढं घेतला. ह्याला मधून खोल चर आहेत, पाणी बाहेर फेकतो. कडा टणक आहे, वळणावर दबत नाही. आवाज जरा करंल, पण धरून राहील. तिसरा होता तो आरामाचा. तो अभिराजनं हातसुद्धा न लावता बाजूला सारला.

“आराम म्हाताऱ्यांना,” तो म्हणाला. “मला धरणारा पाहिजे.”

“मग हाच घ्या. ह्याच्याहून भारी ह्या मापात नाही.”

“आणि बाण आहे ना ह्याच्यावर?”

“आहे की. हा बघा, फिरायची दिशा. नबी, बाण बघून चढवायचा बरं का. डावा उजवीकडं झाला तर पैसे पाण्यात.”

नबीमामा तीस वर्षं आमच्या दुकानात चाकं चढवतात. ते तेव्हा जुने टायर रिमवरून उतरवत होते. ते थांबले.

“मालक, हे बघा जरा.”

अण्णा गेले. मी काचेला नाक लावून उभी राहिले. पुढच्या डाव्या टायरच्या कडेला फुगा आला होता. लिंबाएवढा. आतले धागे तुटले की तिथून हवा टायरला फुगवते आणि मग तो कधीही फुटतो. अण्णांनी त्याच्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. डॉक्टर पोटावर ठेवतो तसा.

“खड्डा,” अभिराज म्हणाला. “पोफळीच्या पुढं सगळा रस्ता खाल्लाय.”

अण्णांनी ‘हं’ केलं. पण त्यांना माहीत होतं तो खड्डा नव्हता. मी फोनवर सांगितलं होतं. डाव्या बाजूला मी बसते, आणि डाव्या बाजूचं चाक त्यानं घाटातल्या कठड्याला घासलं होतं. दगड तुटल्याचा आवाज माझ्या पायाखाली आला होता.

आता बोलतील, मी म्हटलं. आता पुरावाच हातात आलाय त्यांच्या.

अण्णांनी मान वर केली, केबिनकडं बघितलं, आणि हात पुसत आत आले. आईला म्हणाले, “तू जरा बाहेर समई मांड. नबीला सांग टायर एकावर एक ठेवायला, हळदकुंकू लावायचंय.” आई गेली. काचेचं दार बंद झालं. बाहेरचा कॉम्प्रेसरचा आवाज एकदम लांब गेला.

अण्णा माझ्या समोर बसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“फुगा बघितला मी,” ते म्हणाले.

दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं की बघितलं.

“तू फोन केलास त्या दिवसापासनं झोप नाही मला,” ते म्हणाले. “पुण्याला चार ठिकाणी विचारलं. कंपनीच्या माणसाशी बोललो. आता काळजी करू नको. हा टायर असा आहे की गाडी हलणार नाही. केवढ्याही वेगात वळवू दे त्याला. घसरायचा विषयच नाही. तुला भीती वाटायची नाही आता.”

मला आधी कळलंच नाही ते काय बोलतायत.

मग कळलं.

घाटात काय व्हायचं ते सांगते. आमचं भांडण कधी घरात व्हायचं नाही. घरात त्याची आई असायची, बहीण असायची, तिथं अभिराज गोड. माझं काही चुकलं, म्हणजे मी कोणाशी जास्त बोलले, किंवा कमी बोलले, किंवा नोकरीचा विषय काढला, की तो म्हणायचा, चल, फिरून येऊ. सासूबाई म्हणायच्या, किती हौशी आहे गं माझा मुलगा. मग घाट. दारं लॉक. एक शब्द न बोलता वेग वाढवायचा. समोर वळण यायचं, वळणापलीकडं नुसतं आभाळ, आणि तेव्हा तो शांतपणे विचारायचा, “चुकलं ना?” मी हो म्हणेपर्यंत ब्रेक लागायचा नाही. मी पटकन हो म्हणायचे. पहिल्यांदा हो म्हटलं नाही लवकर, तेव्हाच तो कठडा घासला. त्यानंतर मी वळण दिसायच्या आधीच हो म्हणायला लागले, तर म्हणाला, असं नाही, मी विचारल्यावर.

हे सगळं, शब्दाला शब्द, मी माझ्या बापाला सांगितलं होतं. आणि माझ्या बापानं त्याला ब्रेक उशिरा मारता येतील असे टायर मागवले होते.

“अण्णा,” मी म्हटलं, “मला त्या गाडीत बसायचं नाही.”

“अगं, म्हणून तर...”

“टायरचं नाही म्हणत मी. मला जायचंच नाही.”

त्यांनी दाराकडं बघितलं. बाहेर आबा, दोन रिक्षावाले, शेजारचा बॅटरीवाला, सगळे जमले होते. आईनं टायरांची रास केली होती आणि चारी बाजूंनी हळदकुंकवाची बोटं ओढली होती.

“आज नको,” अण्णा हळूच म्हणाले. “धोंड्याचा दिवस आहे. आज जाऊन ये. पुढच्या महिन्यात मी येतो, बोलतो त्यांच्या वडिलांशी. तरुण आहे गं तो. रग असते. गाडीवर काढतोय, हात तर उचलत नाही ना?”

हात तर उचलत नाही ना. आजही मला कोणी हे वाक्य कुठल्या बाईला ऐकवताना दिसलं तर मी त्याचं थोबाड नीट बघून ठेवते.

मी उठून बाहेर आले. बाहेर उन्हाची आणि रबराची एकच वाफ अंगावर आली. दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले. समोर टायरांची रास, तिच्यावर अनारशांचं ताट, शेजारी समई. अभिराज आधीच एका पाटावर मांडी घालून बसला होता, टोपी घालून, हसत. बॅटरीवाला मोबाइलवर फोटो काढत होता.

“ये, ये,” आई म्हणाली. “ओवाळायचंय. लक्ष्मीनारायणाचा जोडा आहे तो. पदर घे डोक्यावर.”

मी पाटापाशी जाऊन उभी राहिले. नबीमामांनी पहिलं रिम मशीनवर ठेवलं होतं, पूजा झाली की टायर चढवायला. चार चाकं, म्हणजे किती वेळ लागतो? ह्या दुकानात मी लहानाची मोठी झालेय, मला माहीत आहे. काहीच वेळ लागत नाही.

“बस ना,” अभिराज म्हणाला.

“मी बसणार नाही.”

“काय गं, अडचण आहे का?” आईनं कानाशी येऊन विचारलं.

“अडचण नाही. मी ह्यांच्या शेजारी बसणार नाही. पाटावर नाही आणि गाडीत पण नाही.”

बॅटरीवाल्याचा मोबाइल खाली आला. कॉम्प्रेसर तेवढा धडधडत होता, तोही कोणीतरी बंद केला. अण्णा केबिनच्या दारात उभे होते, एक हात काचेवर.

“उत्कर्षा,” अण्णा म्हणाले, “लोक आहेत.”

“आहेत ना. म्हणूनच आत्ता बोलतेय.”

अभिराज हसतच होता. तो पाटावरून उठला, टोपी नीट केली, आबांकडं बघून “रुसलीय हो, साडी आणली नाही म्हणून” असं म्हणाला. कोणी हसलं नाही. मग तो माझ्या अगदी जवळ आला. पावडरीचा वास आला त्याच्या मानेचा. आवाज खाली घेऊन, घाटात विचारायचा अगदी तसाच शांतपणे, त्यानं विचारलं,

“चुकलं ना?”

माझ्या तोंडात हो आलं. खोटं कशाला सांगू, आलंच. ओठ गोल झालेसुद्धा. सवय होती ती. मी त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. गाडी वर टांगलेली होती. चाकं नव्हती तिला.

“नाही,” मी म्हटलं.

त्याला ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा म्हटलं. या वेळी आबांनाही ऐकू गेलं, रिक्षावाल्यांनाही.

“नाही चुकलं. आणि माझा मोबाइल द्या.”

त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा चारचौघांत उघडा पडला. एक क्षणच, पण आईनं तो बघितला. मी आईकडंच बघत होते. तिच्या हातात ओवाळणीचं ताम्हण होतं. तिनं ते खाली ठेवलं आणि फुंकर न मारता पदरानं समई शांत केली.

“अहो मामी, काय करताय?” अभिराज म्हणाला. “ही येडी आहे म्हणून तुम्ही पण? वाण तरी द्या.”

“वाण जोड्याला देतात,” आई म्हणाली. “एकट्याला नाही देत. आमच्यात नाही तशी पद्धत.”

“म्हणजे टायर नाही?”

एवढं सगळं होऊनही त्याला टायरच आठवला. आबा चुळबुळले. नबीमामांनी मशीनवरचं रिम उचलून खाली ठेवलं.

“जावईबापू,” अण्णा मधे आले, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. टायर तुमचेच आहेत. नबी, चढव. मी समजावतो हिला. तुम्ही तोवर उसाचा रस...”

“नको!” अभिराज ओरडला. “भीक नको मला. माझे मी टायर घेईन. तुमचं काय ते तुमच्यापाशी ठेवा, लेक पण ठेवा.” त्यानं माझा मोबाइल खिशातून काढून पाटावर आदळला. काचेला तडा गेला. तो तडा अजून आहे. मी तो फोन बदलला, पण टाकला नाही.

जुने टायर परत चढवायला लागले. सगळे उभे राहून बघत होते. नबीमामा पान्यानं नट आवळत होते. अभिराज उन्हात फेऱ्या मारत होता. डावीकडच्या चाकापाशी आल्यावर नबीमामा थांबले, अण्णांकडं बघितलं.

“फुगा आहे मालक.”

“स्टेपनी लाव,” अण्णा म्हणाले.

स्टेपनी बारीक होती, पिवळ्या पट्टीची. तिच्यावर हळूच जायचं असतं. लाल गाडी एका बाजूला खाली कलली. मी माझी पर्स पुढच्या सीटवरून काढून घेतली. त्यासाठी मला दार उघडून आत वाकावं लागलं, आणि तेवढ्यात तो शेजारी येऊन बसला तर, दार लागलं तर, असं वाटून मी एक पाय बाहेरच ठेवला. पर्सचा बंद सीटबेल्टात अडकला. मी ओढला. बंद तुटला, पर्स आली.

त्यानं गाडी काढली. पाटणच्या दिशेनं गेला. तो वाटेत मेला-बिला नाही. घरी नीट पोहोचला, संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मागं टीव्हीचा आवाज येत होता.

दुकान रिकामं झालं. आबा जाताना माझ्यापाशी थांबले, हात हलवला आणि ट्रॅक्टरकडं गेले. आईनं पाट भिंतीला टेकवून ठेवले, ताटातला तो जास्तीचा अनारसा काढून माझ्या हातावर दिला आणि डबा बंद केला. मी उभ्या उभ्या खाल्ला.

अण्णा टायरांच्या राशीवर हात ठेवून बसले होते.

“असं चारचौघांत कशाला करायचं बाळ?” ते म्हणाले. “मला एकट्याला सांगायचंस.”

“एकट्यालाच सांगितलं होतं, अण्णा. तुम्ही टायर मागवलेत.”

त्यांनी नबीमामांना ते टायर वरच्या रॅकवर ठेवायला सांगितले.

घटस्फोटाला वेळ लागला, तो सगळ्यांनाच लागतो. आता काउंटरवर मी बसते. अण्णांना गुडघ्यांनी धरलंय, ते सकाळी येतात, पेपर वाचतात, दुपारी जेवायला घरी जातात. ते चार टायर इतकी वर्षं वरच्या रॅकवर होते. कोणा गिऱ्हाईकानं विचारलं तर अण्णा सांगायचे, “ते विकायचे नाहीत. जावयाचे आहेत.” मी समोर बसलेली असताना सांगायचे. त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

परवा ते जेवायला गेले तेव्हा मी भंगारवाल्याला बोलावलं. रबर दगडासारखं झालं होतं. कडेवरची हळदीची बोटं मात्र तशीच, नख लावलं तरी निघत नव्हती. चारही टायर मी स्वतः खाली उतरवले, नबीमामांना हात लावू दिला नाही.

अण्णा आले, चप्पल काढली, खुर्चीत बसले. मग वर बघितलं.

“इथले टायर कुठं गेले?”

“कुणाचे?” मी विचारलं.

अण्णांनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं, रिकाम्या रॅककडं बघितलं. मग पेपर उचलला आणि सकाळीच वाचून झालेलं पान पुन्हा उघडून धरलं.